शेवटची अट

“एकवीस,” मुलगा म्हणाला.

डॉक्टरांनी पान उलटलं नाही. शेजारी बसलेल्या आईने मान वाकवून पाहिलं. पानभर रंगीत ठिपके होते आणि त्यांत चौऱ्याहत्तर हा आकडा तिला लख्ख दिसत होता. पोरगं चेष्टा करतंय असं वाटून तिने त्याला कोपराने ढोसलं.

“नीट बघून सांग की!”

तो नीटच बघत होता. पुढच्या पानावर त्याला काहीच दिसलं नाही आणि त्याच्या पुढच्यावर भलताच आकडा दिसला. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, ते म्हणाले. जन्मापासूनचं आहे. औषध नाही, आणि तसं घाबरण्यासारखंही काही नाही.

“तुमच्या माहेरी कुणाला आहे का असं?”

“माझे वडील रंगारी आहेत, डॉक्टर,” ती फणकाऱ्याने म्हणाली. “चाळीस वर्षं सूत रंगवलंय त्यांनी.”

प्रमाणपत्रावरची ‘सामान्य’ ही चौकट कोरी सोडून डॉक्टरांनी खालच्या चौकटीत खूण केली आणि सही ठोकली.

विद्यापीठात वस्त्ररंगाची पदवी घ्यायची, हे मुलाने दहावीतच ठरवलं होतं. माहितीपत्रकातल्या अटी मायलेकांनी बोट ठेवून वाचल्या होत्या. बारावीला रसायनशास्त्र हवं, ते होतं. साठ टक्के हवेत, त्याला एक्याऐंशी होते. शेवटची ओळ रंगदृष्टीच्या दाखल्याची होती. ती त्यांनी रहिवासाच्या दाखल्याची वाचावी तशी वाचली आणि पान उलटलं. अर्जाची मुदत उद्या संपत होती.

घरी परतताना आईला एकेक जुनं आठवत होतं. ती शिवणकाम करायची. हिरवं रीळ आण म्हटलं की हा तपकिरी घेऊन यायचा आणि ती त्याला धांदरट, वेंधळा, तोंडाला येईल ते म्हणायची. एकदा तर पाठीत धपाटाही घातला होता. आता तो धपाटा तिला स्वतःच्याच पाठीत बसल्यासारखा वाटत होता.

त्याहून मोठी धास्ती तिला स्वतःच्या वडिलांची होती. सुताच्या लडीची छटा त्यांच्यासारखी कुणाला जमली नाही, असं गिरण्यांतले लोक अजून सांगत. म्हातारा कामाचा मोठा काटेकोर. प्रत्येक रंगाचं वजन काट्यावर आणि प्रत्येक उकळी घड्याळावर. रंगाचे डबे फळीवर ठरल्या जागी असायचे. एका कामगाराने धूळ पुसताना दोन डबे इकडचे तिकडे ठेवले, तर त्यांनी रंगघर डोक्यावर घेतलं होतं. कामात बायको सदा शेजारी. ओली लडी बाहेर काढली की ती आधी बघणार. बायकोला विचारल्याशिवाय रंगारी पाणीही पीत नाही, अशी कामगारांत थट्टा चाले. ती गेली आणि महिन्याभरात त्यांनी रंगघराला कुलूप लावलं. दुःखाने खचला बिचारा, असं सगळे म्हणाले.

पण नातवाने रंगकाम शिकायचं म्हटल्यावर हेच आजोबा तोंड फिरवायचे. “नुसतं रसायनशास्त्र घे. ती पदवी काय वाईट आहे?” एवढंच एक पालुपद. नातवाला एकदाही त्यांनी रंगाच्या हौदाशी उभं केलं नाही. लेकीचा मुलगा म्हणून हात आखडता घेतात, मुलाच्या मुलाला सगळं शिकवलं असतं, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. त्यावरून दोन वर्षं ती वडिलांशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

आजोबा रंगघरामागच्या खोलीत चहासाठी साखर तोलत होते. हो, साखरसुद्धा. तिने प्रमाणपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं. मुलगा दाराशीच उभा राहिला.

आजोबांनी कागद वाचला. चष्मा काढला. त्यांना धक्काबिक्का काही बसला नाही.

“रसायनशास्त्राला ही अट नाही,” ते म्हणाले. “मी माहितीपत्रक आणून वाचलंय. उद्या सकाळीच जा आणि अर्ज भरून टाका.”

तिचं रडणं थांबलं.

“बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“तो चार वर्षांचा असल्यापासून.”

“आम्हाला कुणाला कळलं नाही, मग तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे?” आजोबांनी तराजूतली साखर डब्यात परत ओतली. “रंगाचं काही निघालं की घरात सगळ्यांशी माझं बिनसायचं. जमायचं ते एकट्या याच्याशी.”

तिला उमगायला क्षणभर वेळ लागला. तोवर म्हाताऱ्याने नातवाला हाताने खूण करून जवळ बोलावलं होतं.

“मी नुसती वजनं केली, बाळा,” ते म्हणाले. “रंग सगळे तुझ्या आजीने पाहिले. तशी बायको मिळेल, एवढ्या भरवशावर तुला तिकडे कसा धाडू?”