चंद्राच्या पलीकडची शांतता

चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूला एक वेधशाळा होती. विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या क्षीण लहरी टिपायला तिथे पूर्ण रेडिओशांतता लागे, म्हणून घरचे निरोप महिन्यातून एकदाच घेतले जात. हा नियम प्रमुख अच्युत मणेरीकरांनी स्वतःच केला होता.

या खेपेला संपर्क सुरू झाला, तेव्हा पडद्यावर त्यांची बहीण होती.

“दादा, आई गेली. नऊ दिवस झाले.”

“मला कळवलं नाहीस?”

“रोज कळवत होते. तुझ्या नियमात अडकलं सगळं. शुद्धीत होती तोवर विचारायची, अच्युत बोलला का म्हणून.”

बहिणीशी बोलणं संपलं. मग तंत्रज्ञ झुबेदा संपर्क बंद करायची परवानगी मागायला आली. तिच्या वडिलांचं मंगळवारी हृदयाचं ऑपरेशन होतं.

“चालूच ठेव,” ते म्हणाले.

“सर, लहरी आत्ता कुठे दिसायला लागल्यात. दोन वर्षांची मेहनत जाईल.”

“जाऊ दे. अब्बांशी बोलत राहा.”

मंगळवारी आलेखावरची त्या लहरींची बारीक रेघ संपर्काच्या गोंगाटात बुडून गेली. शेजारच्या खोलीतून अब्बांशी बोलणाऱ्या झुबेदाचं हसणं ऐकू आलं, तेव्हा अच्युत पहिल्यांदा रडले.