दुसरी रेघ

शर्टांना काजं करणारी काजवाली कारखान्याच्या संडासातून बाहेर आली तेव्हा तिच्या हातातली छोटी बाटली कोमट होती. तेच महत्त्वाचं होतं. गार बाटली लगेच ओळखू येते. मागच्या खेपेला सुपरवायझरने प्रत्येक बाटलीला बोट लावून पाहिलं होतं.

बाटलीतली लघवी तिची नव्हती. मावशीची होती.

कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात अधूनमधून ‘आरोग्य तपासणी’ व्हायची. आरोग्य नावापुरतं. बायकांपैकी कोणी गरोदर आहे का, एवढंच पाहायचं. असली, की दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनवर नवीन बाई बसलेली दिसायची. म्हणून बायकांनी सोय करून ठेवली होती. तयार कपड्यांचे सुटे धागे कापणाऱ्या मावशीची पाळी केव्हाच बंद झाली होती आणि नवरा त्याच्याही आधी गेला होता. तिच्या लघवीत काही सापडणं शक्यच नव्हतं. तपासणीच्या दिवशी ती एक मोठी बाटली भरायची, चिंध्यांत गुंडाळून संडासातल्या बादलीमागे ठेवायची, आणि एकेक बाई आत जाऊन त्यातलं थोडं आपल्या बाटलीत ओतून घ्यायची. बायका तिला लाडाने ‘टाकी’ म्हणायच्या.

काजवालीला चौथा महिना होता. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरांनी वेळच्या वेळी यायला बजावलं होतं, पण कारखान्याचं कार्ड असल्याशिवाय दवाखान्यात कोणी उभं करत नव्हतं. पोटाचं कळलं की काम जाणार, आणि कामाबरोबर कार्डही.

तपासणीच्या खोलीबाहेर सगळ्या रांगेत उभ्या होत्या. मावशी भिंतीला टेकली होती.

“मावशे, पिवळी पडलीयेस गं,” काजवाली म्हणाली.

“पडेन नाहीतर काय. पाळी परत सुरू झालीय मेली. इतक्या वर्षांनी आली ती जायचं नावच घेत नाही.”

“अगं, म्हणजे तरुण झालीस की! एखादा म्हातारा बघू का तुझ्यासाठी?” मागून पॅकिंगवाली म्हणाली.

रांग खुसखुसली. मावशीही हसली, पण हसताना तिने ओटीपोट दाबून धरलं होतं.

दार उघडलं. आत एक खाट होती. तिच्या गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. औषधांच्या कपाटाला कुलूप होतं. सिस्टरने बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि पहिल्या बाटलीत कागदाची पट्टी बुडवली. एक रेघ उमटली तर बाई सुटली. दोन उमटल्या तर तिचं काम गेलं. सुपरवायझर दारात किल्ल्या खुळखुळवत उभा होता.

एक रेघ उमटली. मग तिच्या शेजारी, सावकाश, दुसरी.

“पॅकिंग,” सिस्टर म्हणाली.

“मी?” पॅकिंगवाली किंचाळली. “अहो, माझं लग्नसुद्धा नाही झालेलं!”

दुसरी बाटली. दोन रेघा. तिसरी. पुन्हा दोन. सिस्टरने पट्ट्यांच्या पाकिटावरची तारीख तपासली, नवं पाकीट फोडलं. टेबलावर पट्ट्यांची ओळ लागत गेली आणि प्रत्येकीवर त्याच दोन गुलाबी रेघा होत्या.

“साथबिथ आलीय की काय?” सुपरवायझर म्हणाला. कोणी हसलं नाही. त्याने एक बाटली उचलून उजेडात धरली, मग दुसरी. “सगळं एकीचंच आहे हे. कोणाचं?”

“माझं,” मावशी म्हणाली. “दर वेळी माझंच होतं.”

“तुझं?” तो मोठ्याने हसला. “नवरा जाऊन किती वर्षं झाली? या वयात कुठे दिवे लावलेस गं?”

बायकांनी वळून मावशीकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्याही नजरेत तोच प्रश्न होता.

सिस्टर मात्र हसत नव्हती. तिने पट्टी खाली ठेवली. “मावशी, अंगावरून रक्त जातंय?”

“जातंय. थांबतच नाही.”

“साहेब, गाडी बोलवा. हिला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, आत्ता.” सिस्टर मावशीजवळ आली. “हे मूल नाही. पोटात वाईट गाठ असली तरी कधीकधी ही दुसरी रेघ उमटते.”

पॅकिंगवालीने तोंडावर हात ठेवला.

सुपरवायझरने खोक्यातून रिकाम्या बाटल्या काढल्या. “गाडी येईल. आधी सगळ्यांनी पुन्हा भरायच्या. दार उघडं ठेवून. एवढं नाटक कोणासाठी चाललं होतं, ते कळू दे.”

मावशीने काजवालीचं मनगट पकडलं. गप्प राहा, असं तिचे डोळे सांगत होते. पण त्या पकडीत जोर नव्हता. काजवालीने तिची बोटं हलकेच सोडवली.

“बाटल्या नकोत,” ती म्हणाली. “मी आहे. चौथा महिना. कार्ड काढून घ्या माझं. आता गाडी बोलवा.”

सुपरवायझरने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि फोन उचलला.

सिस्टरने मावशीला खाटेवर निजवलं. गादीवरचं प्लॅस्टिक करकरलं. त्या खाटेवर आजवर कोणी निजलंच नव्हतं. काजवाली उशाशी उभी राहिली.

“इतके दिवस अंगावर काढलंत, मावशी?” सिस्टर म्हणाली. “आधीच का नाही आलात माझ्याकडे?”

मावशीने डोळे मिटले होते.

“आले होते की, सिस्टर. दोनदा. तुम्हीच म्हणालात, या खोलीत मूल आहे का, तेवढंच बघतात.”