एका कामाला एकच वस्तू

ओव्हन धक्क्यावर टेकवून कप्तान हात झटकतच बोटीवर परत आला. "बघ, किती जागा झाली!"

बायकोने बघितलं. ओव्हनच्या जागी भगदाड पडलं होतं. ओव्हनला जोडलेला खालचा खणही त्याच्याबरोबर गेला होता. त्यात राहणारे सुटे भाग, म्हणजे पंपाची रबरं, पट्टे, जादाचे फिल्टर, तिच्या अंथरुणावर येऊन पसरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडं उभारून निघायचं होतं. पुढे कित्येक आठवडे नुसतं पाणीच पाणी, आणि ताजा भाजलेला पाव ही त्यात तिची एकुलती एक चैन. बघता बघता शेजारच्या बोटीवरची बाई दोनदा येऊन ओव्हनला हात लावूनही गेली. बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवऱ्याने नोकरी सोडून ही शिडाची बोट घेतली, त्याच दिवशी तो कप्तान झाला. लगोलग त्याने नियमही केला: एका कामाला एकच वस्तू. विजेचा पंप आला, हातपंप उतरला. नवी दुर्बीण आली, जुनी उतरली, मग ती त्याच्या सासऱ्यांनी दिलेली का असेना. सुट्या भागांना तेवढी सूट होती. भर समुद्रात काही मोडलं तर आणणार कुठून? शेगडी असताना ओव्हन कशाला, हे त्याला कालच सुचलं. सुचलं कसलं, नव्या खोक्याला जागा हवी होती.

खोक्यातून ऑटोपायलट निघाला. दिवसभर खपून कप्तानाने तो सुकाणूला जोडला आणि नवरदेवासारखा मिरवू लागला.

"एकदा दिशा सांगितली की हा बोट आपोआप हाकतो. खाणं नाही, झोप नाही, कुरकुर तर नाहीच नाही!"

"तुमच्याइतकी छान हाकतो?"

"माझ्यापेक्षा छान!"

नांगर टाकणं, शिडं ओढणं, रांधणं, सगळं तिच्याकडे होतं. सुकाणूच्या चाकाला मात्र त्याने तिला कधी हात लावू दिला नव्हता. ती खाली जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. कप्तान आपला बटणं दाबण्यात दंग.

थोड्या वेळाने ती धक्क्यावर उतरली आणि ओव्हनशेजारी त्याची बॅग ठेवून आली. बॅगेवर चष्म्याचं घर आणि गुडघ्याचं मलम.

"अगं, हे काय?"

"एका कामाला एकच वस्तू. तुमचाच नियम."

कप्तान हसला. ती हसली नाही. तेवढ्यात चाक आपलं आपणच थोडं वळलं. त्याचा चेहरा उतरला. बोटीवर आपण दुसरं काय करतो, ते तो आठवत होता, आणि त्याला आठवत नव्हतं. तिला त्याची दया आली. पण पावाची आठवण जास्त आली.

"पण हे यंत्र बिघडलं तर?" तो एकदम ओरडला. "भर समुद्रात! सुटा भाग म्हणून तरी मी हवाच की!"

"हे मात्र खरं," ती म्हणाली. "सुटे भाग कुठे ठेवतो आपण?"

"ओव्हनखालच्या खणा..."

कप्तान थांबला. धक्क्यावरून शेजारची बाई तिसऱ्यांदा येत होती. या वेळी नवऱ्याला घेऊन.

"मग पळा," बायको म्हणाली, "नाहीतर राहाल कुठे?"