खात्याचं नाव

आमची फोन कंपनी ग्राहकांची माहिती सरकारला देते आणि दर महिन्याला त्याचे पैसे येतात. हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून मी साहेबांना विचारलं, "हे कोणत्या खात्यात टाकू?"

"'इतर उत्पन्न'मध्ये टाका, काका. आणि याची कुठे चर्चा नको." म्हणाले हसूनच, पण आधी दार लावून घेतलं.

बायको जाऊन वर्ष होत आलं, तरी तिचा आमच्याच कंपनीचा नंबर मी बंद केलेला नाही. संध्याकाळी घरी आलो की त्यावर फोन लावतो. "मी कामात आहे, काय ते बोलून ठेवा," असं तिचं जुनं रेकॉर्डिंग लागतं आणि मी दिवसभराचं बोलून ठेवतो. बोलायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

त्या दिवशी तर बूट न काढताच फोन लावला. "ऐकलंस का गं, लोकांच्या चुगल्या करून पैसे मिळवतो आम्ही. खात्याला सरळ 'चुगलीची कमाई' असंच नाव द्यायला हवं. तू असतीस तर म्हणाली असतीस, गप्प बसा, नोकरी घालवाल." बोलून हलकं वाटलं, जरा हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

 

"काका, 'चुगलीची कमाई' असं खातं नसतं हो," ते हळूच म्हणाले. "आणि काकूंचा आवाज असाच राहावा, असं वाटतं ना तुम्हाला?"