वैष्णवीपर्यंतची वाट

उद्या वैष्णवीची सुपारी दुसरीकडं फुटणार होती. रामहरीनं तिला मागणी घातली की मात्र झरीच्या बन्सीधरकाकांचं, म्हंजे तिच्या बापाचं, एकच उत्तर, "तू आमच्या भावकीतला. बहीण लागती ती तुझी!"

रामहरीनं लॅपटॉप उघडला. पायथन या संगणकाच्या भाषेत त्यानं दोन्ही घरांचा ग्राफ मांडला. पणज्यापासूनचा एकेक माणूस म्हंजे ठिपका, नातं म्हंजे रेघ. मग त्यालाच विचारलं, माझ्यापासून वैष्णवीपर्यंत वाट आहे का?

उत्तर आलं, नाही.

लॅपटॉप उघडाच छातीशी धरून तो पळत सुटला. "काका, आपलं कुठूनच नातं लागत न्हाई! बघा की!"

काकांनी पडद्याकडं पाहिलं.

"कुठूनच न्हाई? मंग कुणाच्या वळखीवर पोरगी देऊ रे तुला?"