पाणपोईचं पाणी

नजीराबीच्या आडाच्या पाण्याला डिझेलचा वास यायला लागला, तशी तिनं शेजारच्या पेट्रोल पंपावर जाऊन बोंब ठोकली. "तुमची जमिनीतली टाकी गळतीया!"

पंपाचे मालक अण्णासो तसे भले. त्यांनी हातच जोडले. "तपासणी होईस्तोवर आडाचं पाणी तोंडाला लावू नका. आईच्या नावानं पंपावर बोअर मारून पाणपोई घातलीया, तिथलं न्या. मी बी तेच पितो. घरात पोटुशी सून हाय तुमच्या."

नजीराबीनं आडावर फळी टाकली आणि रोज पाणपोईवरनं घागरी आणायला लागली.

एकदा सून, इरम, तोंडाशी नेलेला पेला थांबवून म्हणाली, "अम्मी, ह्यालाबी वास येतोय."

"पंपावरनं आणलंय, वास येणारच की. माझ्या पदरालाबी येतोय. पी गप."

पाणी तपासणारा प्रसेनजीत आसपासच्या सगळ्या पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेला होता. निकाल घेऊन तो दारात आला, तेव्हा नजीराबीनं रीतीप्रमाणं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"बिनघोर प्या," ती म्हणाली. "आडाचं न्हाय, पाणपोईचं हाय."

प्रसेनजीतनं आत भिंतीला टेकून बसलेल्या इरमकडं पाहिलं.



"मावशी, पाणपोईचं बोअर त्या गळक्या टाकीला लागूनच हाय. तुमच्या आडात आलं, ते तिथनं उरलेलं."