खोट्या मेलची लस

"मॅडम, परत तुमचाच खोटा मेल ना? नाही उघडला!" एक्स-रे विभागातले दुधगावकर फोनवर खेकसले.

रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणारी मृण्मयी चपापली. लशीतून मेलेला जंतू टोचतात, तसे निरुपद्रवी फसवे मेल ती मुद्दाम सगळ्यांना पाठवायची. पहिल्या खेपेला निम्मा स्टाफ फसला, वर तिच्यावरच डाफरला.

पण हा मेल तिचा नव्हता.

तिनं घाईघाईनं तपासलं. मेल खरोखर विषारी होता. एका क्लिकसरशी सगळ्या रुग्णांच्या नोंदी कुलूपबंद झाल्या असत्या. मात्र क्लिक कुणीच केलं नव्हतं.

पुन्हा फोन वाजला. प्रसूतिकक्षातल्या सिस्टर वैतागल्या होत्या. "किती छळाल हो आम्हाला?"

"छळणार, सिस्टर," डोळे पुसत ती हसली, "अजून खूप छळणार."